पित्तावरची फसफसणारी पुडी : मधुमेही घराच्या दृष्टीने एक परीक्षण

किराणा दुकानात, मेडिकलच्या काउंटरवर आणि बसस्थानकाबाहेरच्या टपरीवरही ज्यांच्या पट्ट्या टांगलेल्या असतात, त्या पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या ५ ग्रॅमच्या पित्तशामक पुड्यांचे हे परीक्षण आहे. अमुक कंपनीची पुडी चांगली आणि तमुक कंपनीची वाईट असे ठरवण्याचा येथे हेतू नाही, कारण रंग, चव आणि वेष्टन वगळले तर या प्रकारातील बहुतेक पुड्यांचा गाभा सारखाच असतो. त्या ज्या घरांत जातात ती घरे मात्र सारखी नसतात, आणि म्हणून मी एकच प्रश्न समोर ठेवला आहे : घरात मधुमेहाचा, त्यातही जुन्या मधुमेहाचा रुग्ण असेल, तर ही पुडी स्वयंपाकघरातल्या खणात कायमची असावी काय? आमच्या नात्यागोत्यात साखरेचा आजार मागच्या पिढीपासून मुक्कामाला आहे आणि या पुड्या व खाण्याचा सोडा त्याहूनही आधीपासून आहेत, त्यामुळे दोघांचे एकमेकांशी कसे पटते किंवा पटत नाही, हे जवळून पाहण्याचा योग आला.

पुडीत नेमके काय असते, येथून सुरुवात करणे योग्य होईल. मुख्य घटक दोन आहेत : सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, आणि सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व. ५ ग्रॅमच्या पुडीत प्रत्येकी साधारण सव्वादोन ग्रॅम असे त्यांचे प्रमाण असते, काही पुड्यांत थोडे सोडियम कार्बोनेटही असते, आणि उरलेला भाग चव, रंग व गोडीसाठी असतो. या पुड्या आपल्याकडे आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्या जात असल्याने वेष्टनावर सोड्याचा उल्लेख स्वर्जिक्षार आणि सायट्रिक आम्लाचा उल्लेख निंबुकाम्लम् असा केलेला आढळतो. या प्रकारातले सर्वांत जुने आणि परिचित नाव ईनो हे १९व्या शतकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे औषधांचे दुकान चालवणाऱ्या जेम्स क्रॉसली ईनो यांच्यावरून आले आहे. किंमत दहा रुपयांच्या आसपास आहे, जी कोणालाही जड जात नाही, आणि हाच या वस्तूचा एक गुण तसाच एक दोषही आहे, कारण स्वस्त वस्तू मोजून घेतली जात नाही.

ज्या कामासाठी पुडी विकली जाते ते काम ती करते, हे आधी मान्य केले पाहिजे. अर्ध्या पेल्याहून थोड्या अधिक पाण्यात पूड टाकली की फेस काठापर्यंत चढतो, काही क्षणांत खाली बसतो, आणि तळाशी एखादा खडा राहिला असेल तर पेला हलवताच तोही विरघळतो. चव खारट-आंबट लागते, लिंबाच्या पुडीत थोडी सुसह्य आणि साध्या पुडीत बरीच क्षारट. लग्नाच्या जेवणानंतर किंवा तर्रीदार मिसळीनंतर छातीत होणारी जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी आणि करपट ढेकर यांवर पाच-दहा मिनिटांत उतार पडतो. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल क्षाराने तेथल्या तेथे मारले जाते, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड ढेकरेवाटे बाहेर पडतो आणि माणसाला मोकळे वाटते. हा आराम फार काळ टिकत नाही, कारण जठर रिकामे होताना क्षारही पुढे सरकतो आणि आम्ल पुन्हा पाझरू लागते. कधीमधी होणाऱ्या त्रासाला तेवढा आराम पुरेसा आहे. मूत्रपिंडे धडधाकट असलेल्या, रक्तदाबाचा त्रास नसलेल्या माणसाने महिन्यातून एखाद-दोनदा ही पुडी घेतली तर त्यावर लेख लिहिण्यासारखे काही नाही.

अडचण रोजच्या पुडीची आहे, आणि ती समजून घ्यायची तर पोटात गेलेल्या क्षाराचा हिशेब मांडावा लागतो. फेस उडाला म्हणजे सोड्याचा जोर संपला, असा एक सर्वसाधारण समज आहे, आणि वरवर पाहता तो पटण्यासारखाही आहे, कारण पेल्यातच सोडा आणि सायट्रिक आम्ल यांची बहुतांश क्रिया होऊन जाते. पण त्या क्रियेतून जे सोडियम सायट्रेट तयार होते ते आतड्यातून रक्तात शोषले गेल्यावर यकृतात त्याचे पुन्हा बायकार्बोनेटच होते. म्हणजे पेल्यातून उडून गेलेला क्षार मागच्या दाराने शरीरात परत येतो. एका पुडीतील सव्वादोन ग्रॅम सोड्यातून साधारण २७ मिलीइक्विव्हॅलंट (आम्ल आणि क्षार मोजण्याचे एकक) क्षार मिळतो. आपले शरीर चयापचयातून दिवसाला किलोमागे सुमारे १ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे ६० किलोच्या माणसात ६० च्या जवळपास, आम्ल तयार करत असते, आणि त्याच्याशी तुलना केली तर दिवसाला दोन पुड्या ही किरकोळ बाब राहत नाही.

निरोगी मूत्रपिंडे हा जादा क्षार लघवीवाटे फार लवकर बाहेर टाकतात आणि म्हणूनच सोडा पिणाऱ्या बहुतेक लोकांना काहीही होत नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी वा क्षारधर्मी आहे हे दाखवणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात आणि बायकार्बोनेट लिटरमागे साधारण २२ ते २८ मिलीइक्विव्हॅलंट इतके राखले जाते. पीएच वर सरकला आणि त्याचे कारण बायकार्बोनेटची वाढ हे असले, तर त्या स्थितीला डॉक्टर मेटाबॉलिक अल्कलोसिस म्हणतात. मराठीत तिला चयापचयजन्य क्षाराधिक्य म्हणता येईल. ही स्थिती निर्माण होण्यासाठी क्षार वाढावा लागतो किंवा आम्ल गमवावे लागते. ती टिकून राहण्यासाठी मात्र मूत्रपिंडांचा हात बांधलेला असावा लागतो, आणि तो बांधणारी कारणे ठरलेली आहेत : शरीरातील पाणी कमी होणे, क्लोराइड कमी होणे, पोटॅशियम कमी होणे, आणि मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमताच घटलेली असणे. आता ही यादी एखाद्या पंधरा-वीस वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवून पाहावी. साखर वाढली की लघवी वाढते आणि पाणी कमी होते. रक्तदाबासाठी दिलेल्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असते, पायावर सूज असेल तर टॉरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड असते, आणि लघवी वाढवणाऱ्या या गोळ्या पाण्याबरोबर क्लोराइड आणि पोटॅशियमही घालवतात. मूत्रपिंडांवर तर मधुमेहाचा परिणाम वर्षानुवर्षे होतच असतो. निरोगी माणसात जी सुटका हमखास होते, तिच्यातली एकेक वाट येथे आधीच बंद झालेली असते.

माझ्या एका मावशीच्या बाबतीत हे सगळे एकत्र आले. वय सत्तरीकडे झुकलेले, मधुमेह वीसहून अधिक वर्षांचा, रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन, आणि रात्रीच्या जेवणानंतर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा व वर लिंबाची फोड, हा तिचा नेम. प्रवासात सोड्याचा डबा नेता येत नाही म्हणून पुड्या. "मावशी, तू हे रोज घेतेस?" असे विचारले तर "अगं, सोडाच तर आहे, तो काय औषध आहे?" असे उत्तर मिळे, आणि त्यात तिचे काही चुकत होते असे तेव्हा घरात कोणालाच वाटत नव्हते. काही महिन्यांपासून तिच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येत, बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येत, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नसे. हे सारे साखरेच्या खात्यात जमा झाले होते, कारण मधुमेहात हातापायांना मुंग्या येतात हे आता घरोघरी ठाऊक आहे. मग एकदा दोन दिवस उलट्या झाल्या, पित्त समजून पुड्यांची संख्या वाढली, आणि तिसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागल्यावर तिला दवाखान्यात न्यावे लागले. साखर २४० च्या आसपास होती, म्हणजे त्या मानाने फार भयंकर नव्हती. पण पोटॅशियम २.७ इतके खाली गेलेले, आणि बायकार्बोनेट ३८ व पीएच ७.५० असे वर चढलेले निघाले. तिला सलाइन आणि पोटॅशियम क्लोराइड देण्यात आले, ईसीजी यंत्राला जोडून ठेवण्यात आले, आणि चार दिवसांनी ती घरी आली तेव्हा ओठांभोवतीच्या मुंग्या थांबलेल्या होत्या. तळपायांच्या मुंग्या राहिल्या. त्या खरोखरच साखरेच्या होत्या.

या प्रसंगातील एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. क्षाराधिक्यात रक्तातील कॅल्शियम प्रथिनांना अधिक घट्ट चिकटते, मोकळे कॅल्शियम कमी होते आणि त्यामुळे मज्जातंतू चेतवले जाऊन मुंग्या, स्नायूंचे आकुंचन, गोळे असे त्रास होतात. एकूण कॅल्शियमची तपासणी मात्र नेहमीसारखी दिसू शकते. पोटॅशियम कमी झाल्याने स्नायूंतील शक्ती जाते. या दोन्हींचे चित्र मधुमेहाने होणाऱ्या मज्जातंतूंच्या विकाराच्या चित्राशी इतके मिळतेजुळते आहे की रुग्ण, नातेवाईक आणि घाईत असलेला डॉक्टर असे तिघेही फसू शकतात. मधुमेहाच्या मुंग्या सहसा तळपायांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढतात. ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या तर त्या साखरेच्याच आहेत असे धरून चालू नये, एवढे घरच्या माणसांनाही लक्षात ठेवता येते.

पोटॅशियमचा विषय येथेच थोडा पुढे नेतो, कारण मधुमेहात त्याला दुहेरी अर्थ आहे. क्षाराधिक्यात पोटॅशियम पेशींमध्ये शिरते आणि लघवीवाटेही अधिक जाते. इन्शुलिन घेणाऱ्याच्या शरीरात तर इन्शुलिनही त्याला पेशींमध्ये ढकलत असते. रक्तातील पोटॅशियम खूप खाली गेले की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या मधुमेहाने आधीच अरुंद झाल्या आहेत त्यांना ते परवडणारे नसते. दुसरी बाजू कमी चर्चिली जाते : पोटॅशियम कमी असताना स्वादुपिंडातून इन्शुलिनचा स्राव मंदावतो, आणि साखर वाढते. म्हणजे औषधे तीच, पथ्य तेच, तरीही साखर आवरत नाही म्हणून रुग्ण आणि डॉक्टर गोळ्यांचे प्रमाण वाढवत राहतात, आणि कारण मात्र वेगळेच असते. क्षाराधिक्यात हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही आणि श्वासोच्छ्वासही मंदावतो, या आणखी दोन गोष्टी दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णासाठी नोंदवून ठेवतो.

आता उलट्यांकडे वळतो, कारण पुडीचा सर्वांत धोकादायक वापर उलट्या होत असताना होतो. उलटीतून जठरातील आम्ल बाहेर जाते. आम्ल गेले की शरीरात क्षार शिल्लक राहतो, म्हणजे केवळ उलट्यांनीही क्षाराधिक्य होऊ शकते, आणि अशा वेळी वरून पुडी घेणे म्हणजे त्याच दिशेने आणखी ढकलणे आहे. जुन्या मधुमेहात जठराच्या मज्जातंतूंनाही इजा होते आणि जठर वेळेवर रिकामे होईनासे होते, याला डॉक्टर गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. दुपारचे जेवण रात्रीपर्यंत पोटात तसेच राहते, चार घास खाल्ले तरी पोट डब्ब वाटते, कधीकधी तासन्‌तासांपूर्वीचे अन्न उलटून पडते. रुग्ण याला पित्त किंवा गॅस म्हणतो आणि पुडी फोडतो. आधीच न हलणाऱ्या, भरलेल्या जठरात पुडीचा वायू भर घालतो आणि फुगारा वाढतो. पोट गच्च भरलेले असताना सोडा घेऊ नये, हा इशारा केवळ अस्वस्थतेपुरता नाही. भरल्या पोटी बराच सोडा घेतल्याने जठर फाटल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, जरी त्या दुर्मिळ असल्या तरी. अलीकडे वजन व साखर या दोन्हींसाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड यांसारखी इंजेक्शनेही जठराची गती मंदावतात आणि सुरुवातीला मळमळ, उलट्या होऊ शकतात, त्यामुळे ती घेणाऱ्यांनाही हीच सावधगिरी लागू आहे.

उलट्यांचे आणखी एक कारण याहून गंभीर आहे. मधुमेहात आम्लाधिक्याची, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसची, चर्चा अधिक होते आणि ते योग्यच आहे, कारण इन्शुलिन कमी पडल्यावर शरीरात कीटोन नावाची आम्ले साचून रक्त आम्लधर्मी होणे ही जिवावरची स्थिती आहे. तिची सुरुवात मळमळ, पोटदुखी आणि उलट्या यांनी होते, आणि पहिल्या काही तासांत ती पित्तासारखीच भासते. येथे क्षाराधिक्य एक वेगळाच घोटाळा करते. भरपूर उलट्यांनी वाढलेला क्षार आणि कीटोनमुळे वाढलेले आम्ल एकमेकांना वजनाच्या काट्यावर समतोल करतात, आणि रक्ताचा पीएच व बायकार्बोनेट जवळजवळ नेहमीचे दिसतात; दोन आजार एकाच वेळी चालू असून कागदावर एकही दिसत नाही. अनुभवी डॉक्टर अशा वेळी सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून येणारी तफावत पाहतात आणि कीटोनची तपासणी करतात, तेव्हा खरा प्रकार उघड होतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत कीटोन वाढूनही साखर फारशी चढलेली नसण्याची शक्यता असते, त्यामुळे ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही. मळमळ व उलट्या होत असलेल्या मधुमेही माणसाने पुडी घेतल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे. सोडा हे औषध नव्हे अशी समजूत असल्यामुळे नेमकी तीच गोष्ट सांगायची राहते.

छातीतील जळजळीबद्दलही याच ओघात सांगितले पाहिजे. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. पोटाच्या वरच्या भागात जडपणा, मळमळ, घाम, दम लागणे एवढीच लक्षणे असू शकतात. पुडीने ढेकर येते, क्षणभर बरे वाटते, आणि त्या क्षणभराच्या आरामात मोलाचा वेळ निघून जातो. पुडीचा दोष येथे रासायनिक नाही, पण ती हाताशी असते हेच पुरेसे आहे. जुना मधुमेही माणूस घामाघूम होऊन "गॅस झालाय" म्हणत असेल तर खण उघडण्याऐवजी ईसीजी काढून घ्यावा.

वेष्टनाविषयी माझी नाराजी आहे आणि ती मी सविस्तर नोंदवतो. पुडी हातात घेऊन पाहिली तर पुढच्या बाजूला फळांचे चित्र, फसफसणारा पेला आणि किती वेळात आराम मिळेल याचे मोठ्या अक्षरांतले आश्वासन असते. मागे, टाचणीच्या टोकाएवढ्या अक्षरांत, घटक आणि सूचना असतात. दिवसातून किती वेळा घ्यावी, किती दिवसांपलीकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, मीठ कमी खाण्यास सांगितलेल्यांनी काळजी घ्यावी, अशा आशयाच्या सूचना साधारणपणे तेथे असतात. पण पुडी फाडताना नेमका तोच भाग फाटतो, आणि साठी ओलांडलेल्या, साखरेने दृष्टी अधू झालेल्या माणसाला तो भिंगाशिवाय वाचता येईल असे मला वाटत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि लघवीची गोळी यांचा उल्लेख मोठ्या अक्षरांत आणि मराठीत असायला हवा होता. अमेरिकेत औषध म्हणून वापरायच्या खाण्याच्या सोड्याच्या खोक्यावर ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी दिवसाची मर्यादा तरुणांच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे अर्धा चमचा तीन वेळा इतकीच दिलेली असते, आणि कमाल प्रमाण दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ घेऊ नये असेही तेथे लिहिलेले असते. आपल्याकडे किराणा दुकानातला सोडा खाद्यपदार्थ म्हणून विकला जातो, त्यामुळे त्यावर असे काही असण्याचा प्रश्नच येत नाही. भजी आणि ढोकळा यांच्यासाठी घेतलेली वस्तू औषध म्हणून वापरणे, हे आपण आपल्या जबाबदारीवर करत असतो.

मिठाचा मुद्दाही वेगळा आहे. एका पुडीतील सोड्यातूनच सुमारे ६०० मिलीग्रॅम सोडियम पोटात जाते, आणि सोडियम कार्बोनेट असेल तर त्याहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियमची मर्यादा सुचवली आहे. पापड आणि लोणचे बंद करून घरच्यांचा रोष पत्करलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाने दोन पुड्यांत त्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक मजल मारावी, यात विसंगती आहे. साखरेच्या दृष्टीने मात्र या पुड्यांवर फार आक्षेप घेता येणार नाही, कारण गोडीसाठी बहुधा सॅकरीन वापरलेले असते. तरी चवीच्या नव्या प्रकारांत साखर आहे का, हे वाचून घ्यावे.

पर्यायांबद्दल थोडक्यात. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमची द्रवरूप औषधे क्षाराधिक्याच्या दृष्टीने सौम्य आहेत, पण मूत्रपिंडे कमजोर असतील तर मॅग्नेशियम साचू शकते, आणि बाटली शुगर फ्री आहे का हेही पाहावे लागते. कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळण्याच्या गोळ्या हाडांसाठी घेतलेल्या कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या जोडीला आल्या तर रक्तातील कॅल्शियम व क्षार दोन्ही वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अल्सरवर दूध आणि क्षार यांचा मारा करण्याची शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिप्पी यांची १९१५ मधील पद्धत पुढे याच दुष्परिणामासाठी ओळखली गेली. जठरातील आम्लाचा स्रावच कमी करणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या रोजच्या त्रासाला अधिक योग्य आहेत, तरी त्या वर्षानुवर्षे घेतल्यास मॅग्नेशियम आणि ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही ब१२ कमी होते, म्हणून त्याची तपासणी अधूनमधून व्हावी. मेटफॉर्मिनमुळेच पोटात गडबड होत असेल तर डॉक्टर गोळीचा प्रकार बदलून देऊ शकतात. सोसायटीच्या सभागृहात प्रात्यक्षिक दाखवून विकल्या जाणाऱ्या अल्कलाइन पाण्याच्या यंत्राबद्दलही हल्ली विचारणा होते. त्या पाण्यातील क्षार जठरातल्या आम्लापुढे इतका नगण्य असतो की त्याने क्षाराधिक्य होण्याची भीती सहसा नाही, आणि मधुमेह बरा होण्याची आशाही नाही.

गुणच द्यायचे तर निरोगी माणसाच्या अधूनमधूनच्या जळजळीसाठी मी या पुडीला ५ पैकी ४ देईन : स्वस्त, जलद, सर्वत्र मिळणारी. मधुमेह आटोक्यात असलेल्या, मूत्रपिंडे चांगली असलेल्या आणि लघवीची गोळी नसलेल्या व्यक्तीसाठी ३, तेही सणासुदीपुरते. मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचा विकार, लघवी वाढवणारी गोळी, हृदयविकार किंवा वारंवार उलट्या यांपैकी काहीही असेल तर १, आणि तो एकही वस्तू प्रामाणिकपणे काम करते म्हणून. आठवड्यातून दोन-तीनदा पुडी लागत असेल तर ती बदलण्यापेक्षा जळजळीचे कारण शोधून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

तपासणीला जाताना एक व्यावहारिक अडचण येते. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांत सिरम इलेक्ट्रोलाइट्स सांगितले की सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढेच करून देतात. बायकार्बोनेट वेगळे सांगावे लागते. लघवीची गोळी आणि सोडा अशी जोडी ज्यांच्याकडे चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून ते करून घ्यावे, आणि औषधांची यादी देताना पुडीचे नावही लिहावे. काही औषधे क्षाराबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाहीत, त्यात लोहाच्या व थायरॉइडच्या गोळ्या येतात, म्हणून क्वचित घेतलेली पुडीही थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास आणि इतर गोळ्यांपासून किमान दोन तास दूर असावी.

ज्यांची मूत्रपिंडे बरीच कमजोर झाली आहेत अशा काही मधुमेही रुग्णांना नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडांचे डॉक्टर, स्वतःच सोडाबायकार्बच्या ५०० मिलीग्रॅमच्या गोळ्या देतात, कारण त्यांच्या रक्तात आम्ल साचलेले असते आणि बायकार्बोनेट खाली गेलेले असते. तेथे मात्रा रक्ततपासणीवर ठरते आणि तिच्यावर लक्ष ठेवले जाते, त्यामुळे हे परीक्षण वाचून त्या गोळ्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. फक्त त्यांच्या जोडीला रात्रीची पुडीही चालू असेल तर ती पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावी, कारण त्यांनी मांडलेल्या हिशेबात ती धरलेली नसते.